आयसीडी बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर

आयसीडी, म्हणजे इम्प्लांटेबल कार्डिओव्हर्टर डिफिब्रिलेटर, हे छातीच्या कातडीखाली बसवण्याचे छोटे यंत्र आहे. ते हृदयाच्या प्रत्येक ठोक्यावर नजर ठेवते आणि ठोके जीवघेण्या रीतीने बिघडले तर काही सेकंदांत विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणते. बोलण्यात त्यालाही सरसकट पेसमेकर म्हटले जाते, पण दोघांचे काम निराळे. पेसमेकर मंदावलेल्या हृदयाला ठोके पुरवतो, तर आयसीडीचा मुख्य रोख बेफाम वेगावर असतो. बहुतेक आयसीडी गरजेप्रमाणे पेसमेकरचे कामही करतात.

हार्ट अटॅक आणि हृदय अचानक बंद पडणे यांत नेहमी गल्लत होते. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. रुग्णाच्या छातीत दुखते, पण तो बहुधा शुद्धीवर असतो. हृदय अचानक बंद पडते तेव्हा बिघाड बहुतेकदा विजेचा असतो. खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. छाती दाबून कृत्रिम रक्ताभिसरण सुरू ठेवले नाही, तर शॉक मिळायला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. इतक्या वेळात रुग्णवाहिका क्वचितच पोचते. म्हणून शॉक देणारे यंत्रच शरीरात ठेवण्याची कल्पना पुढे आली.

ती वॉर्सात जन्मलेल्या डॉ. मिशेल मिरोव्स्की यांची. १९६६ साली त्यांचे ज्येष्ठ सहकारी ठोक्यांच्या अशाच बिघाडाने दगावले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय रुग्णालयात त्यांनी डॉ. मॉर्टन मोवर यांच्यासह हे यंत्र घडवले. फेब्रुवारी १९८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवले गेले आणि १९८५ मध्ये त्याला अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. त्या काळी छाती उघडावी लागे आणि यंत्र मोठे असल्याने ते पोटात ठेवत. आजचे यंत्र साधारण ७०-८० ग्रॅमचे असते.

आयसीडीची गरज मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांना असते. पहिल्या गटातले रुग्ण अशा प्रसंगातून एकदा वाचलेले असतात. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन जून २०२१ मध्ये कोपनहेगनला भर सामन्यात कोसळला. मैदानावरच शॉक देऊन त्याला वाचवले आणि नंतर आयसीडी बसवले. पुढच्या वर्षी तो इंग्लंडमध्ये पुन्हा खेळू लागला. दुसऱ्या गटातल्यांना अजून काही झालेले नसते, पण धोका मोठा असतो. तो मोजण्याचा प्रमुख आकडा म्हणजे इकोच्या रिपोर्टमधले इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजेच ‘पंपिंग’. निरोगी हृदयात ते ५५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. ते ३५ किंवा त्याखाली राहिले तर आयसीडीचा विचार होतो. काही आनुवंशिक विकारांत मात्र पंपिंग चांगले असूनही ते बसवावे लागते.

पंपिंग कमी दिसले म्हणून लगेच यंत्र बसवत नाहीत. अटॅकनंतर किमान ४० दिवस, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर सुमारे ३ महिने थांबून आणि औषधे पुरेशा मात्रेत देऊन पुन्हा इको करतात. या काळात अनेकांचे पंपिंग सुधारते आणि यंत्राची गरजच उरत नाही. निर्णयाआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आयसीडी हृदयाचा आजार बरा करत नाही. नुसत्या आयसीडीने पंपिंग वाढत नाही, दम लागणे कमी होत नाही. अचानक येणारा मृत्यू टाळणे एवढेच त्याचे काम. त्यामुळे औषधे, पथ्य आणि तपासण्या पूर्वीसारख्याच चालू राहतात. फार वय झालेल्या किंवा इतर गंभीर आजार असलेल्या रुग्णाला त्याचा कितपत उपयोग होईल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. खर्च लाखांत जात असल्याने विमा किंवा सरकारी योजनेची चौकशीही आधीच केलेली बरी.

यंत्र बसवण्याचे काम कॅथ लॅबमध्ये होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती घ्यायची की थांबवायची, हे डॉक्टर सांगतात. आपल्या मनाने बंद करू नये. जंतुसंसर्ग टळावा म्हणून आधी शिरेतून अँटिबायोटिक देतात. बहुधा डाव्या कॉलरबोनखालची जागा इंजेक्शनने बधिर करतात आणि गुंगीचे औषध देतात. दुखत नाही, पण दाबल्यासारखे, ओढल्यासारखे जाणवू शकते. काही सेंटिमीटरचा छेद घेऊन जवळच्या शिरेतून एक तार, म्हणजे ‘लीड’, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात आणि तिचे टोक तिथे पक्के करतात. तारेची मापे ठीक आली की दुसरे टोक यंत्राला जोडून यंत्र कातडीखालच्या कप्प्यात ठेवतात आणि टाके घालतात. सगळे मिळून एक-दोन तास लागतात. काही रुग्णांत तार हृदयात न नेता छातीच्या हाडाजवळ कातडीखालीच ठेवतात आणि यंत्र डाव्या काखेखाली बसवतात. हा प्रकार नेहमीच्या पेसमेकरचे काम करत नाही, म्हणून तो सगळ्यांना चालत नाही.

साधारणपणे एक रात्र रुग्णालयात राहावे लागते. एक्स-रे काढून तार जागेवर आहे ना आणि फुप्फुसाला इजा झालेली नाही ना, हे पाहतात. रक्त साकळणे, तार सरकणे, जंतुसंसर्ग होणे हे धोके कमी असले तरी असतात. घरी गेल्यावर जखम लाल झाली, सुजली, त्यातून पाणी आले किंवा ताप आला तर रुग्णालय गाठावे. जखमेवर हळद, तेल, मलम काहीही आपल्या मनाने लावू नये.

पहिले चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वरच्या फळीवरचा डबा काढणे, उंच दोरीवर कपडे वाळत घालणे, लोकलमध्ये वरची कडी धरून उभे राहणे टाळायचे, नाहीतर तार सुटू शकते. मात्र भीतीपोटी हात अगदी बांधून ठेवला तर खांदा आखडतो. खांद्याच्या पातळीपर्यंत तो हलवत राहावा. गाडी कधी चालवायची हे यंत्र कशासाठी बसवले आणि शॉक बसला का यावर ठरते. ट्रक किंवा बस चालवण्याचा व्यवसाय मात्र सहसा सोडावाच लागतो.

वेगवान ठोके ओळखल्यावर यंत्र प्रत्येक वेळी शॉक देत नाही. अनेकदा आधी ते बारीक, न दुखणाऱ्या ठोक्यांची मालिका सोडून लय ताळ्यावर आणते. तेवढ्याने भागले नाही तरच शॉक बसतो. शुद्धीवर असलेल्याला तो घोड्याने छातीत लाथ मारावी तसा वाटतो. शुद्ध हरपली असेल तर कळतही नाही. त्या क्षणी रुग्णाला हात लावलेल्याला किंचित झिणझिण्या येतात, इजा होत नाही. एकच शॉक बसला आणि बरे वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ शॉक बसले, किंवा एका शॉकनंतर छातीत दुखले, चक्कर आली, दम लागला तर थेट रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ ला फोन करावा. रुग्ण कोसळून प्रतिसाद देत नसेल तर यंत्र असले तरी छाती दाबायला हरकत नाही. क्वचित वरच्या कप्प्यांच्या अनियमित ठोक्यांमुळे किंवा तार खराब झाल्याने यंत्र फसते आणि गरज नसताना शॉक देते. अशा वेळी सेटिंग किंवा औषधे बदलतात, तार खराब असेल तर ती बदलावी लागते. पुढच्या शॉकची धास्ती मनात घर करून बसली तर तेही डॉक्टरांना सांगावे.

घरातला मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह बेलाशक वापरावा. मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून १५ सेंटिमीटर दूर ठेवावा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. चालू इंडक्शन शेगडीवर ओणवू नये. मॉल किंवा विमानतळाच्या दारातून न रेंगाळता जावे आणि आयसीडीचे कार्ड दाखवून हातातला डिटेक्टर छातीवर धरू नये असे सांगावे. एमआरआय किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर यंत्र असल्याचे आधी सांगावे.

दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी होते. कातडीवर एक उपकरण ठेवून बॅटरी, तार आणि मधल्या काळातल्या घटनांची नोंद वाचता येते. काही यंत्रे ही माहिती घरूनच रुग्णालयाला पाठवतात. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती संपत आली की अख्खे यंत्र बदलतात. जुनी तार चांगली असेल तर तीच वापरतात.

आजार अखेरच्या टप्प्यावर पोचला, तर शॉक देण्याची सोय कातडीला छेद न देता बंद करता येते. त्याने लगेच मृत्यू येत नाही. शेवटच्या दिवसांतले वेदनादायक शॉक तेवढे टळतात. हा निर्णय रुग्ण शुद्धीवर असताना घरच्यांशी बोलून झालेला बरा. मृत्यूनंतर दहन करायचे असेल तर यंत्र आधी काढून घ्यावे लागते, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होतो. म्हणून यंत्र बसवले असल्याचे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे आणि त्याचे कार्ड सहज सापडेल अशा जागी ठेवलेले असावे.