वॉर्डांतील नवी शिक्षिका आणि विद्यार्थिनींचे अभिप्राय

उत्तम पोहणाऱ्या मनुष्यास पोहणें शिकवितां येईलच असें नाहीं. त्याचे हातपाय पाण्यांत आपोआप चालतात. पहिल्या दिवशीं छाती कशी दडपली होती, हें तो केव्हांच विसरलेला असतो. रुग्णालयांत अनेक वर्षें चोख काम केलेली परिचारिका जेव्हां प्रथमच पाठ्यनिर्देशिका होते, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ उभी राहून विद्यार्थिनींना प्रत्यक्ष शुश्रूषा शिकवूं लागते, तेव्हां तिची स्थिति अशीच होते.

अमेरिकेंतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नवशिकी ते निष्णात अशा पांच पायऱ्या वर्णिल्या आहेत. नवशिकी परिचारिका नियम आठवून एकेक पाऊल टाकते. निष्णात परिचारिका रुग्णाकडे पाहतांच कांहीं तरी बिघडलें आहे हें ओळखते. पण तें कशावरून ओळखलें, हें तिला पुष्कळदां शब्दांत सांगतां येत नाहीं. शिवाय अनुभवी परिचारिकाहि अगदीं नव्या क्षेत्रांत गेली, कीं पुन्हां पहिल्या पायरीवर येते. शिकविणें हें असेंच एक नवें क्षेत्र होय.

वर्गांत एखादी गोष्ट कळली नाहीं, तर विद्यार्थ्याचे गुण जातात. वॉर्डांत कळली नाहीं, तर झळ रुग्णाला पोंचते. इन्सुलिनचेंच उदाहरण घ्या. आपल्याकडे एका मिलिलिटरांत ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन शक्तींचें इन्सुलिन मिळतें, व प्रत्येकाची पिचकारी निराळी असते. १०० युनिट शक्तीचें औषध ४० युनिटांच्या पिचकारींत भरलें, तर १० च्या खुणेपर्यंत घेतांना प्रत्यक्षांत २५ युनिट जातात. रक्तांतील साखर एकदम उतरून रुग्ण बेशुद्ध पडूं शकतो. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला या खुणांचा उलगडा झालेला नाहीं. शिक्षिकेनें प्रात्यक्षिक दाखविलें खरें, पण तें स्वतःच्या हाताच्या वेगानें. आदल्या दिवशीं त्या मुलीनें शंका विचारली, तेव्हां ‘एवढेंहि येत नाहीं?’ असें तिला रुग्णासमोरच ऐकावें लागलें. आतां ती विचारणार नाहीं. मान डोलावील आणि पिचकारी हातीं घेईल. शिक्षिकेला मात्र वाटेल, कीं आपला पाठ उत्तम झाला. आपली पाठ आपणांस दिसत नाहीं म्हणतात, तें असें.

ही अडचण आजची नव्हे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १८६० सालीं नाइटिंगेल निधींतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथें प्रत्येक विद्यार्थिनीच्या वर्तनाची व कामाची नोंद दरमहा एका ठराविक तक्त्यांत होत असे. म्हणजे वरून खालीं पाहण्याची सोय चांगली होती. पुढें १८७० नंतरच्या दशकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतः विद्यार्थिनींना घरीं बोलावून शिक्षणाची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकूं लागल्या. खालून वर काय दिसतें, हें कळण्यास दुसरा मार्ग नाहीं.

मग हा अभिप्राय मागावा केव्हां? पुष्कळ ठिकाणीं वॉर्डांतील नेमणूक संपतांना एक छापील कागद भरून घेतात. त्याचा उपयोग झालाच, तर पुढील तुकडीला होतो. ज्यांनीं तो भरला त्यांच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. म्हणून पहिला आठवडा संपतांच विचारणें श्रेयस्कर. ‘शिकविणें कसें वाटलें?’ असें मोघम विचारल्यास ‘छान’ एवढेंच उत्तर येतें. त्यापेक्षां तीन नेमके प्रश्न बरे: या आठवड्यांत शिकण्यास सर्वांत साहाय्य कशाचें झालें? अडथळा कोठें आला? पुढील आठवड्यांत कोणती एक गोष्ट बदलावी?

येथें भीति आड येते. एका शिक्षिकेकडे आठदहाच मुली असल्या, म्हणजे नांव न लिहितांहि अक्षरावरून ओळख पटते, आणि गुण देणारीहि तीच. यास्तव कागद दुसऱ्या शिक्षिकेनें गोळा करावे, किंवा मुलींनीं आपसांत चर्चा करून एकीनें सर्वांच्या वतीनें सारांश लिहावा. गुणांचा व या कागदांचा कांहींएक संबंध नाहीं, हें आधींच स्पष्ट सांगावें व तसें वागून दाखवावें.

आलेले अभिप्राय तीन वाटण्यांत विभागावे. पहिली वाटणी तत्काळ बदलतां येण्यासारख्या गोष्टींची: प्रात्यक्षिक सावकाश करावें, चूक रुग्णासमोर न सांगतां बाजूस नेऊन सांगावी, शिक्षिका कोणत्या वेळीं कोणत्या खोलींत सांपडेल हें सकाळीं सांगून ठेवावें. दुसरी वाटणी, ज्या बदलतां येत नाहींत परंतु ज्यांचें कारण सांगणें अवश्य आहे त्यांची: शाळेंत एक रीति व वॉर्डांत दुसरी कां, हा मुलींचा नेहमींचा प्रश्न या सदरांत येतो. तिसरी वाटणी, ज्या बदलूं नयेत त्यांची. औषध देण्यापूर्वीं शिक्षिकेनें प्रत्येक वेळीं तपासूं नये, असें कोणी लिहिलें, तर तें मान्य करणें म्हणजे रुग्णाचा विश्वासघात होय. दुसऱ्या आठवड्याच्या आरंभीं मुलींना एकत्र बसवून, काय बदललें, काय बदललें नाहीं आणि कां, हें पांच मिनिटांत सांगावें. हें सांगणें राहिलें, तर पुढच्या वेळीं कोणी मनापासून लिहीत नाहीं.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ज्युडिथ मोगन व जॅनेट नॉक्स यांनीं १९८० नंतरच्या दशकांत वॉर्डांतील शिक्षिकांसाठीं सुमारें ५० विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. तींत शिकविण्याची हातोटी, शुश्रूषेंतील कौशल्य, मूल्यमापन, परस्परसंबंध व व्यक्तिमत्त्व असे पांच विभाग आहेत. अशी प्रश्नावली शिक्षिकेनें स्वतःहि भरावी आणि मुलींच्या उत्तरांशीं ताडून पाहावी. आपण स्वतःला ज्या विधानावर पुष्कळ गुण दिले आणि मुलींनीं थोडे दिले, तेथें प्रथम लक्ष पुरवावें.

मात्र अभिप्राय म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. सढळ हातानें गुण देणारी शिक्षिका मुलींना गोड वाटते, आणि कडक शिस्तीचें मोल कित्येकदां नोकरी लागल्यावर कळतें. एका कागदावरील तिखट शब्द मनास लावून घेऊं नये. तीच तक्रार चार कागदांवर आली, तर मात्र ती टाळूं नये. जोडीस एखाद्या अनुभवी सहकारिणीस वॉर्डांत उभें करून आपलें शिकविणें पाहावयास सांगावें.

अभिप्राय मागण्यानें अधिकार उणा होतो, अशी शंका पुष्कळ नव्या शिक्षिकांस येते. परंतु विचारण्यांत कमीपणा नाहीं, हें शिक्षिकेच्या वर्तनांतूनच मुली शिकतात. मग तीच विद्यार्थिनी इन्सुलिनची पिचकारी हातीं घेऊन थांबते व म्हणते, “मॅडम, ही खूण पुन्हां एकदां समजावून सांगाल का?” रुग्ण आपल्या खाटेवर स्वस्थ पडलेला असतो, कोणता धोका टळला हें त्याला कळतहि नाहीं.