अजिंठ्याच्या दारातला खानदेश

अजिंठ्याच्या चित्रांसाठी आयुष्य वेचलेला रॉबर्ट गिल भुसावळच्या मातीत विसावला आहे. मद्रास लष्करातल्या या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करायला पाठवले गेले आणि पुढची बहुतेक वर्षे, १८७९ मधल्या मृत्यूपर्यंत, त्याने याच मुलखात काढली. त्याचे भव्य कॅनव्हास लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते. १८६६ च्या आगीत त्यातले बहुतेक जळाले. मग जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले आणि १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी सारे काम नव्याने केले. त्यांच्याही कित्येक नकला लंडनमध्ये आगीतच गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते. १९२३ मध्ये ॲना पाव्हलोव्हाने लंडनच्या रंगमंचावर अजिंठ्याच्या चित्रांवर बेतलेला बॅले सादर केला.

१८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथला वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात लेणी दिसली, इथपासून १९८३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव लागेपर्यंत दीडशेहून अधिक वर्षे गेली. एवढ्या काळात पिढ्यान्‌पिढ्या माणसे चित्रे उतरवत राहिली, छापत राहिली, सांगत राहिली. स्थळाचे नाव असे कष्टाने जगभर पोचते. अजिंठ्याच्या बाबतीत ते पोचले आहे. आता प्रश्न उरतो तो शेवटच्या साठ किलोमीटरांचा.

लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण त्या शहरापासून ती शंभर किलोमीटरवर आणि जळगावपासून साठेकच. मुंबई–दिल्ली आणि मुंबई–हावडा या दोन्ही मार्गांवरच्या कितीतरी गाड्या जळगाव-भुसावळवरून जातात, सुरतेकडून येणारा तापीकाठचा मार्गही इथेच मिळतो. तरीही जळगावात उतरलेला पाहुणा बहुधा सकाळी लेणी पाहतो आणि संध्याकाळी पुढची गाडी पकडतो. पूर्वी पाचोरा–जामनेर ही अरुंद मापाची ‘पीजे’ अजिंठ्याच्या वाटेवरच्या पहूरला जात असे. ती २०२० मध्ये थांबली; आता तिथे रुंद मापाच्या मार्गाचे काम आहे. जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये झाला, पण नियमित सेवा सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला आणि पुढेही ती वारंवार खंडित झाली. मधल्या काळात जळगाव–संभाजीनगर रस्ता वर्षानुवर्षे उखडून पडला होता. जगातले कोणतेही मानांकन त्या रस्त्यावरून गाडी सुरळीत नेऊ शकत नव्हते.

देशाचेही असेच असते. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२४ च्या पर्यटन निर्देशांकात ११९ देशांत भारत नैसर्गिक संपत्तीत सहावा, सांस्कृतिक संपत्तीत नववा आला, आणि एकूण क्रमांक लागला ३९ वा. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी आपल्यापेक्षा किती तरी लहान असलेल्या थायलंडमध्ये जवळपास चार कोटी. व्हिसा किती सोपा, हवाई भाडे किती, स्वच्छतागृह कसे, बाईमाणसाला रात्री एकटीने रिक्षा करता येते का, हे सारे त्या फरकात आहे. आपण २०१४ मध्ये ई-व्हिसाची सोय केली, ते चांगलेच झाले. पण पाहुणा मुंबईत उतरल्यावर जे घडते ते गावोगाव ठरते.

सोय उभारूनही ती चालवावी लागते. बौद्ध वारशाविषयीच्या आस्थेतून जपानने अजिंठा-वेरूळसाठी कर्ज दिले. फर्दापूरकडून लेण्यांपर्यंत खासगी वाहने बंद करून बस सुरू झाल्या. चित्रांना धुरापासून वाचवणारा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्याच योजनेतून १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र उभे राहिले, आणि पाणी-विजेच्या थकीत बिलांपायी काही वर्षांतच बंद पडले. गिलच्या नकला आगीत गेल्या, या नकलांना आपण कुलूप लावले. याचे दुःख खानदेशात कुणी मोठ्याने बोलून दाखवत नाही, ते बोलायला हवे.

धुळ्याची गोष्ट वेगळी. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, म्हणजे माणसांची वाण नाही. पण वाहने ढाब्यावर थांबतात, शेवभाजी खाऊन निघून जातात. राजवाडे संशोधन मंडळ शहरात १९२७ पासून आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा ठेवा आहे, आग्रा रोडलाच लळिंगचा किल्ला उभा आहे. त्या किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुक्काम केला होता. दर वर्षी त्या दिवशी तिथे हजारो लोक जमतात. त्यांना जाहिरातीने बोलावलेले नसते. आठवण जिवंत आहे म्हणून ते पावसात डोंगर चढून येतात. पर्यटनाच्या आराखड्यांत या ओढीसाठी रकाना नसतो, आणि तीच सर्वांत टिकाऊ असते.

म्हणून मला वाटते, खानदेशाने नवे काही बांधण्याआधी पाहुण्याला एक रात्र थांबण्याचे कारण द्यावे. परदेशी प्रवासी येतात ते मुख्यतः हिवाळ्यात, आणि तोच आमच्या भरिताचा हंगाम. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतात काट्याकाड्यांच्या जाळावर वांगी भाजून, सोबत कळण्याची भाकरी, अशी पार्टी पाहुण्याला पैसे देऊन का मिळू नये? चाळीसगावला केकी मूस यांचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. या छायाचित्रकाराने जवळजवळ सारे आयुष्य त्या घरात राहूनच कला घडवली. तिथून वीसेक किलोमीटरवर पाटणादेवी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ चालवला, त्याला मिळालेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख १८६५ च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. गणिताच्या जगात भास्कराचार्यांचे नाव अजिंठ्याइतकेच मोठे आहे.

अजिंठा सोमवारी बंद असतो. रविवारी रात्री जळगावात उतरलेल्या माणसाला आज आपण ‘उद्या काही नाही’ एवढेच सांगतो. त्याला पाटणादेवीची वाट दाखवायला एक जाणता वाटाड्या, एक गाडी आणि संध्याकाळी परतल्यावर भरिताचे ताट, एवढी तजवीज जळगाव-चाळीसगावच्या चार हॉटेलवाल्यांनाही या हिवाळ्यात करता येईल.