दादी बदलल्या नाहीत, दादी आजारी आहेत

घरातले वडीलधारे विसरू लागले की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण विषय संपवतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, इथवर कोणाला काही वाटत नाही. पण पुढे दादी असरची नमाज अदा करूनही पुन्हा मुसल्ल्यावर उभ्या राहतात. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच 'मला कोणी जेवायला देत नाही' म्हणतात. आणि एक दिवस 'माझ्या बांगड्या सुनेने चोरल्या' असा आळ घेतात. इथे मात्र घराची घडी विस्कटते. सून रडते, मुलगा आईवर ओरडतो, शेजारी चर्चा करतात. हा स्वभाव नसून आजार असू शकतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या आजाराची पहिली नोंद झालेली रुग्ण अशाच संशयाने ग्रासलेली होती. 1901 साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री दाखल झाली. ती पतीवर विनाकारण संशय घेई, घरातल्या वस्तू लपवून ठेवी, साध्या गोष्टी विसरे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची बारकाईने तपासणी केली. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. 1910 मध्ये या आजाराला अल्झायमर यांचे नाव मिळाले.

साचलेला तो पदार्थ म्हणजे अमायलॉइड. आयोडीन लावल्यावर तो पिष्टासारखा रंग घेतो, म्हणून 1854 साली रुडॉल्फ फिर्खो यांनी पिष्टाच्या लॅटिन नावावरून त्याला हे नाव दिले. पुढे कळले की ते पिष्ट नसून प्रथिन आहे. मेंदूच्या पेशींच्या आवरणात एक मोठे प्रथिन असते. त्याचे तुकडे होताना बीटा-अमायलॉइड हा छोटा तुकडा तयार होतो. तो तुमच्या-आमच्या सर्वांच्या मेंदूत रोज तयार होतो आणि रोज साफही होतो. साफसफाई मागे पडली की तुकडे एकमेकांना चिकटून थर जमतात. त्यानंतर पेशींच्या आतले टाऊ नावाचे प्रथिन गुंतत जाते आणि पेशी मरू लागतात. ताज्या आठवणी साठवणाऱ्या भागाला झळ लवकर बसते. म्हणूनच लहानपणी पाठ केलेल्या सूरा दादींना आठवतात, सकाळचा नाश्ता आठवत नाही.

हे थर लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून जमू लागतात. मात्र थर असूनही अनेक वृद्धांची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणजे अमायलॉइड हेच सर्वस्व नव्हे.

अमायलॉइड काढून टाकणारी औषधे आता आली आहेत. त्यांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. 18 महिन्यांच्या चाचणीत त्याने आजाराची घसरण सुमारे 27 टक्के मंदावली. पण ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका आहे, आणि गेलेली स्मृती परत येत नाही.

मग हातात काय आहे? 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये सांगितले की, टाळता येण्यासारखी 14 कारणे दूर झाली तर स्मृतिभ्रंशाची जवळपास 45 टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी राहणी, कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा ही त्यांतली काही. चाळिशीतच रक्तदाब आणि साखर सांभाळली, अब्बांना वेळेवर कानाचे यंत्र घेऊन दिले, तर ती मेंदूचीच राखण आहे.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. तेव्हा विसरणे वाढले की आधी डॉक्टर गाठा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा एखादे औषध यांमुळेही असे होते आणि त्यावर इलाज असतो.

निदान झालेच, तर घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. आळ घेतला तर वाद घालू नका. 'चला दादी, आपण मिळून शोधू' म्हणा. दुसऱ्यांदा नमाजला उभ्या राहिल्या तर राहू द्या, चारचौघांत टोकू नका. औषधे कुलपात ठेवा. नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कपड्यात असू द्या. रोजाबाबत डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

आणि हा सगळा भार एकट्या सुनेवर टाकू नका. आई-वडिलांची खिदमत ही आधी मुलांची जबाबदारी आहे. आठवड्यातून दोन दिवस मुलाने, एक दिवस लेकीने दादींजवळ बसावे. चोरीचा आळ सोसणाऱ्या त्या सुनेला घरातल्या कोणीतरी एवढे तरी सांगावे की, 'हे दादी बोलत नाहीत, त्यांचा आजार बोलतोय.'