वय, स्नायू आणि उष्मांक
नुसते पडून राहिलेल्या शरीरालाही हृदय, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे चालू ठेवण्यासाठी ऊर्जा लागते. बैठे काम करणाऱ्या स्त्रीच्या दिवसभराच्या खर्चात या विश्रांतीतल्या खर्चाचाच वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो. चाळिशी उलटली की चयापचय मंदावतो आणि पाळी गेली की कोसळतो, असे सर्रास म्हटले जाते. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांनी याला छेद दिला. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात धरली, तर २० ते ६० या वयात खर्च जवळपास स्थिर राहतो. रजोनिवृत्तीच्या काळातही वेगळी घसरण दिसली नाही. साठीनंतर मात्र तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो.

बदलते ती घडण. स्नायू घटतात, चरबी वाढते. आणि किलोमागे चरबीचा खर्च स्नायूंच्या जेमतेम एक तृतीयांश.

हालचालीत चित्र उलटे. तेच अंतर चालायला वृद्ध स्त्रीला तरुणीपेक्षा जास्त ऊर्जा लागते. तोल सांभाळताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ताणले जाणे, हे त्याचे एक कारण. त्यात कमाल क्षमताही घटलेली, म्हणून नेहमीचा जिनाही दमवतो. मग हालचालच कमी होते आणि दिवसाचा एकूण खर्च उतरतो. अशा वेळी कडक उपवास नकोत, त्यांनी स्नायूही झिजतात. पुरेशी प्रथिने आणि झेपेल इतके वजन उचलण्याचा व्यायाम अधिक उपयोगी.