चार खिंडी आणि एक निवांत दिवस

बेळगावाहून गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाटाचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, जांबोटी सुटली की रान दाट होत जाते, कणकुंबी मागे पडल्यावर सह्याद्री एकाएकी खाली झुकतो, आणि पावसाळ्यात धुक्यातून समोरच्या मोटारीचे दिवे अकस्मात अंगावर येतात. आमची शाळा याच बाजूच्या एका गावी आहे. आसपासच्या वाड्यांतील शाळा सातवीपर्यंतच्या, आणि आठवीसाठी मुलांना आमच्याकडे यावे लागते. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने आठवीतील विद्यार्थ्यांना सायकली देण्यास आरंभ केला. कोविडच्या काळात ती योजना थांबली, पण तोवर आमच्या पटावरील कितीतरी मुलेमुली केवळ त्या सायकलीमुळे शिकली.

त्यांतल्याच एका मुलाला त्याचे वडील सातवीनंतर घरी ठेवणार होते. आम्ही स्वतः त्यांच्या ओसरीवर बसून त्यांची समजूत घातली. "सरकार सायकल देते, पाच किलोमीटर तर रस्ता, अडचण कसली?" हे शब्द आमचेच. २०१४ च्या पावसाळ्यात एका वळणावर मागून आलेल्या ट्रकने त्या मुलाला रस्त्याखाली लोटले. प्राण वाचले, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. ट्रक कोणाचा होता याचा शोध लागला नाही. मुलाच्या वडिलांनी आम्हाला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच आम्हाला अधिक जड गेले.

ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, २०२३ च्या जूनमध्ये आल्प्स पर्वतात जे पाहिले, ते आम्ही प्रवासी म्हणून पाहू शकलो नाही.

आमचे चिरंजीव म्युनिक येथे नोकरीस आहेत. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता निघालो. शाळा नुकतीच सुरू झालेली, त्यात परदेशगमनासाठी खात्याचे ना-हरकत पत्र हवे. त्या पत्रासाठी घातलेल्या हेलपाट्यांचे अंतर मोजले तर आल्प्स पायी गाठता आला असता! असो. म्युनिकहून दक्षिणेस ऑस्ट्रिया ओलांडून आम्ही इटलीच्या डोलोमाइट पर्वतात शिरलो. दोलोम्यू या फ्रेंच भूवैज्ञानिकाच्या नावावरून तेथील खडकाला आणि पुढे पर्वताला हे नाव पडले. कोट्यवधी वर्षांपूर्वी उष्ण समुद्रात साठलेले थर आणि प्रवाळांचे बांध वर उचलले जाऊन हे फिकट राखाडी कडे उभे राहिले आहेत. सूर्यास्ताच्या सुमारास ते गुलाबी होतात. २००९ साली युनेस्कोने या पर्वताला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

या पर्वतात सेल्ला नावाचा एक प्रचंड डोंगर आहे. त्याचे पिझ बोए हे शिखर ३,१५२ मीटर उंच. डोंगराभोवती चार खोरी, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाण्यास चार खिंडी: काम्पोलोंगो, पोर्दोई, सेल्ला आणि गार्देना. पहिली १,८७५ मीटरवर, बाकीच्या तिन्ही दोन हजारांच्या वर. या खिंडींना जोडणारा डांबरी रस्ता पन्नासहून अधिक किलोमीटरचे कडे पूर्ण करून पुन्हा आरंभाच्या गावी येतो. उन्हाळ्यात त्यावर मोटारी, बसगाड्या आणि विशेषतः मोटरसायकली यांची अशी रांग लागते की, आपला घाट आठवावा. पण जूनमधील एक दिवस, सकाळी साडेआठपासून दुपारी उशिरापर्यंत, हे संपूर्ण कडे वाहनांना बंद असते आणि सायकलस्वारांना मोकळे. ही शर्यत नव्हे. नावनोंदणी नाही, शुल्क नाही, क्रमांक नाही. ज्याला यायचे त्याने सायकल घेऊन यावे. काही वर्षी वीस हजारांच्या आसपास माणसे जमली आहेत.

याच रस्त्यांवर जुलैत मोठी स्पर्धाही होते. १९८७ साली १६६ जणांनी आरंभ केलेली ती 'माराटोना' आता इतकी मोठी झाली आहे की, प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. तिचा सर्वांत लांब मार्ग १३८ किलोमीटरचा. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरवितात, तसले राजे तेथे जुलैत येतात. जूनचा दिवस प्रजेचा. आम्ही प्रजेत मोडत असल्याने तोच निवडला.

कोर्वारा या गावी आम्ही भाड्याने सायकल घेतली. ती विजेची होती, हे आधीच कबूल केलेले बरे. पायंडल मारावेच लागते, मात्र चढावर मोटर मागून हात देते. पासष्टीच्या पुढचे अनेक गृहस्थ साध्या सायकलीने आम्हाला मागे टाकून गेले, तेव्हा मान खाली घालण्यावाचून गत्यंतर उरले नाही. चिरंजीव चारही खिंडींच्या मोहिमेवर गेले. सौ. कोल्फोस्को गावच्या बाकावर उन्हात बसल्या. आम्ही एकच खिंड पत्करली: गार्देना, उंची २,१२१ मीटर, कोर्वाराहून साडेनऊ किलोमीटरचा चढ.

पहिल्या वळणापर्यंत आमचे लक्ष सारखे मागे होते. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी आम्ही सोडली नाही. चाळीस वर्षांची सवय. मागून येणारा आवाज ऐकायचा, तो कशाचा आहे हे ओळखायचे आणि वेळीच मातीत उतरायचे. तिसऱ्या की चौथ्या वळणावर लक्षात आले की, मागून येणारा आवाज फक्त साखळीचा आहे. हजारो माणसे चढत होती आणि तरी गाईंच्या गळ्यातील घंटा खालच्या कुरणातून स्पष्ट ऐकू येत होत्या. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रस्त्याच्या मधोमध नागमोडी चालली होती. बाप दहा हात मागे, आणि तो तिला "कडेने जा" असे ओरडत नव्हता. आम्ही मात्र ओरडण्याच्या बेतात होतो. शब्द मराठीत ओठांवर आले आणि तेथेच राहिले. तेथे थांबून आम्ही थोडे पाणी प्यालो.

खिंडीच्या माथ्यावर डाव्या हाताला सेल्लाचे कडे, उजवीकडे चिर शिखरांचे सुळके आणि समोर दूरवर सासोलुंगोचा भव्य खांब. लोक गवतावर लोळत होते. या खिंडीच्या दक्षिणेकडे, कड्यापलीकडे, पोर्दोई आहे. बोल्झानो ते कोर्तिना हा डोलोमाइटचा महामार्ग १९०९ साली पूर्ण झाला, तो तिच्यावरून जातो. आराब्बा गावाकडून तिला तेहतीस वळणे आहेत, आणि माथ्यावर फाउस्तो कोप्पी या थोर इटालियन सायकलपटूचे स्मारक उभारले आहे. चिरंजीवांनी त्याचे छायाचित्र आणले.

आता ज्या गोष्टीने आम्हाला रस्त्याइतकेच गुंतवून ठेवले ती सांगतो. आमच्या मुक्कामाच्या घरची आजीबाई सकाळी "बुन दे" म्हणे आणि चहाचे भांडे परत दिले की "जुलान". ही ना इटालियन, ना जर्मन. ही लादिन: रोमन काळच्या लॅटिनपासून आल्प्सच्या खोऱ्यांत वेगळी वाढलेली भाषा, बोलणारे सुमारे तीस हजार. सेल्लाभोवतालची चारही खोरी तिचीच, आणि पाचवे आम्पेत्सो जरा पूर्वेला. पहिल्या महायुद्धापर्यंत हा सारा मुलूख ऑस्ट्रियाकडे होता, नंतर तो इटलीकडे आला. मुसोलिनीच्या राजवटीत, १९२३ आणि १९२७ साली, रेषा अशा आखल्या गेल्या की लादिन बोलणारे तीन प्रांतांत वाटले गेले: बादिया व गार्देना बोल्झानोत, फासा त्रेंतोत, फोदोम व आम्पेत्सो बेल्लुनोत. २००७ च्या ऑक्टोबरात बेल्लुनोकडील कोर्तिना, फोदोम आणि कोल्ले सांता लुचिया येथील लोकांनी बोल्झानोकडे जाण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. गावे अद्याप आहेत तेथेच आहेत. सीमाभागातील वाचकास अधिक सांगणे न लगे.

शिक्षक असल्यामुळे शाळेची चौकशी करणे ओघानेच आले. बादिया व गार्देना येथील शाळांत अर्धे विषय जर्मनमधून, अर्धे इटालियनमधून आणि लादिनला आठवड्याचे मोजके तास. फोदोमच्या मुलांना, डोंगर एकच असून, ही पद्धत नाही. घरात एक, कचेरीत दुसरी, बाजारात तिसरी भाषा बोलणाऱ्या त्या आजीबाईंकडे पाहून आम्हाला परके वाटेना.

आणि तरी त्या दिवसासाठी हे तिन्ही प्रांत एकमेकांशी बोलून रस्ता बंद करतात, कारण कडे एका प्रांताला एकट्याने बंद करताच येत नाही. काम्पोलोंगो, पोर्दोई आणि सेल्ला या तिन्ही खिंडी प्रांतांच्या हद्दीवरच आहेत. आमच्याकडे एका मोरीच्या दुरुस्तीसाठी दोन खात्यांची गाठ पडता पडत नाही, तेव्हा याचे नवल आम्हाला शिखरांपेक्षा अधिक वाटले. सगळे सुरळीत चालते असेही नाही. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सेल्ला खिंड दर बुधवारी काही तास वाहनांना बंद ठेवून पाहिली. खिंडीतील उपाहारगृहवाल्यांनी धंदा बुडतो म्हणून ओरड केली, आणि पुढच्या वर्षी तो बेत सौम्य करावा लागला. पोट त्यांनाही आहेच.

दुपारी रस्ता खुला झाला, तेव्हा आम्ही कोर्वाराच्या चौकात होतो. पहिल्या मोटरसायकलीचा आवाज कानी येताच आम्ही सायकलीसह पायवाटेवर चढलो. सौ.ना हसू आले.

परत आल्यावर एक छायाचित्र घेऊन आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. मुलगा आता खानापुरात एका गॅरेजात काम करतो. वडील ओसरीवर होते. वळणावळणांचा तो रस्ता आणि त्यावरील मुंग्यांसारखी माणसे त्यांनी बराच वेळ पाहिली. "गुरुजी, ट्रक कुठं थांबवलेत?" आम्ही सांगितले, खाली, चारी बाजूंच्या गावांत. "कुणी?" मग अडसर, पोलीस, स्वयंसेवक, तीन प्रांत असे सगळे सांगत बसलो. चहा आला. वर माळ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की, ती सायकल अजून तशीच आहे, फक्त ट्यूब कुजल्या. पुतण्या यंदा आठवीला येतो आहे. तसल्या ट्यूब अजून मिळतात का, हे त्यांनी विचारले.

मिळतात, असे आम्ही सांगितले. पोराने त्या रस्त्याने सायकलवरून यावे की नाही, हे त्यांनी विचारले नाही, आणि आम्हीही आपण होऊन काही बोललो नाही.