सड्यावरील कातळशिल्पे : कोकणच्या जांभ्यावर कोरलेला वारसा

कोकण म्हटले की माडा-पोफळींच्या बागा, खाड्या आणि आंब्याची कलमे डोळ्यांसमोर उभी राहतात. या बागांच्या माथ्यावर पसरलेला सडा मात्र प्रवाशाच्या नजरेत भरत नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सह्याद्री आणि सागर यांच्या दरम्यान जांभ्या दगडाची ही विस्तीर्ण पठारे आहेत. पावसाळा सोडला तर ती काळपट, तापलेली आणि ओसाड दिसतात. महसुली दप्तरात त्यांतील बऱ्याच क्षेत्राची नोंद ‘पोटखराब’ अशी असते. ज्या जमिनीचा सारा आकारण्याचीही कोणास गरज वाटली नाही, त्याच जमिनीवर प्राचीन काळी कोणा अज्ञात कलावंतांनी हत्ती, गेंडे, वाघ, मासे, पक्षी आणि माणसे कोरून ठेवली आहेत. त्यांनाच आज ‘कातळशिल्पे’ या नावाने ओळखले जाते.

अशी दीड हजारांहून अधिक शिल्पे आतापर्यंत उजेडात आली आहेत. काही स्थळे पूर्वीपासून ठाऊक होती. पण त्यांचा पद्धतशीर शोध घेण्याचे श्रेय प्रामुख्याने 2012 च्या सुमारास गावोगाव फिरू लागलेल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आदी रत्नागिरीच्या अभ्यासकांना द्यावे लागते. अर्थात गुराख्यांना आणि वृद्ध ग्रामस्थांना ही चित्रे अपरिचित नव्हती. कोठे ती पांडवांनी एका रात्रीत काढल्याची कथा सांगितली जाई, तर कोठे त्यांना देवाची जागा मानून पाय लावला जात नसे. संशोधकांना वाट दाखविली ती याच माणसांनी.

जांभा हा मोठा विलक्षण दगड आहे. उष्ण व दमट हवामानात मूळ खडकाची दीर्घकाळ झीज होते, विरघळणारी द्रव्ये पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. खाणीतून नुकताच काढलेला जांभा इतका मऊ असतो की त्याचे हत्याराने सरळ चिरे पाडता येतात. वारा-ऊन लागले की तोच दगड टणक होतो. फ्रान्सिस बुकानन याने 1807 मध्ये केरळमधील या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. कोकणातील गवंड्याला ही गोष्ट कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती!

या दगडाचा उघडा पृष्ठभाग काळवंडून कठीण होतो. तो फोडून, खोल रेषा कोरून शिल्पकारांनी आकृतीची बाह्यरेषा सिद्ध केली. काही ठिकाणी भोवतालचा भाग खोदून आकृती उठावात ठेवली. मंदिरातील मूर्तीसाठी दगड खाणीतून आणावा लागतो, लेण्यासाठी डोंगर पोखरावा लागतो. येथे दगड जागचा हललाच नाही. जमीन हाच फलक, आणि ऊन, पाऊस व गवत हे त्या चित्राचे नित्याचे सोबती. भर दुपारी डोक्यावर सूर्य असताना कातळावर काही आहे याचा पत्ताही लागत नाही. सकाळी अथवा सायंकाळी किरणे तिरपी झाली की खाचांत सावल्या भरतात आणि पायाखालचा प्राणी स्पष्ट होतो. पावसाळ्यात याच खाचांत पाणी साठते, सड्यावर डबकी तयार होतात, सीतेची आसवे व इतर इवली रानफुले फुलतात, आणि पुढे वाढलेल्या गवताखाली चित्रे दिसेनाशी होतात.

राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्ती हे यातील सर्वांत भव्य शिल्प. त्याची लांबी सुमारे 18 मीटर व रुंदी सुमारे 13 मीटर असून त्याच्या देहाच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरल्या आहेत. जमिनीवर उभे राहून ते एका दृष्टिक्षेपात सामावत नाही. भोवती फिरावे लागते. एवढे प्रमाण शिल्पकाराने कसे साधले असेल, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला मनुष्य आहे. ही कल्पना सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही आढळत असल्याने अभ्यासकांचे त्याकडे विशेष लक्ष गेले. देवाचे गोठणे येथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिरालगत एक चौकोनी भौमितिक रचना आहे. सिंधुदुर्गातील कुडोपी येथे तर एकाच सड्यावर अनेक आकृत्यांची दाटी आहे.

ही शिल्पे नेमकी किती जुनी आहेत, याचा अंतिम निर्णय झालेला नाही. उघड्या कातळावर कालमापनास उपयोगी पडणारे सेंद्रिय अवशेष सहसा टिकत नाहीत. तथापि त्यांतील काही मध्याश्मयुगापर्यंत मागे जात असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याला एक आधार चित्रविषयांचा आहे. गेंडा आज कोकणात नाही, पण चित्रांत आहे. वन्य पशू व जलचर विपुल आहेत. नांगरणी-पेरणीचे दृश्य मात्र आढळत नाही. शेती सुरू होण्यापूर्वीच्या, शिकार व मासेमारीवर जगणाऱ्या समाजाची ही निर्मिती असावी, असा तर्क त्यावरून केला जातो.

2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील नऊ कातळशिल्प स्थळांचा समावेश झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू व देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ ही ती स्थळे होत. गोव्यातील शिल्पे कुशावती नदीच्या काठी असून स्थानिक रहिवाशांनी दिलेल्या माहितीवरून 1993 मध्ये ती प्रकाशात आली.

धोका कोठे आहे?

यादीत नाव आल्याने कातळ सुरक्षित होत नाही. पुष्कळशी शिल्पे खाजगी मालकीच्या जमिनीत आहेत. जांभ्याचा चिरा हा कोकणात घरबांधणीचा मुख्य आधार, त्यामुळे चिरेखाणींना मागणी मोठी. कलमे लावण्यासाठी कातळ फोडून खड्डे घेतले जातात. रस्ते रुंद होतात, घरे उभी राहतात. यांपैकी एकही काम गैर नाही; जमीनमालकाने आपल्या जमिनीतून उत्पन्न घ्यावे, यात वावगे काय? अडचण इतकीच की हे काम करणाऱ्यास पायाखाली काय आहे हे पुष्कळदा माहीतच नसते. सड्याच्या भवितव्याचा प्रश्न किती गुंतागुंतीचा होऊ शकतो, हे प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या निमित्ताने 2023 मध्ये बारसू येथे दिसून आले. हौशी पर्यटकांचा उपद्रव वेगळाच. छायाचित्र उठून दिसावे म्हणून खाचांत खडू किंवा रंग भरणे, आकृतीवर वाहन नेणे, हे प्रकार कातळाची झीज वाढवितात.

महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, 1960 अन्वये स्थळांना संरक्षण देता येते. परंतु प्रत्येक सड्यावर पुरातत्त्व विभागाचा पहारेकरी बसविणे शक्य नाही. येथे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांचे काम सुरू होते. आकृती आढळल्यास तिचा गट क्रमांक टिपून तहसील कार्यालयास व पुरातत्त्व विभागास कळविणे हे पहिले पाऊल. चिरेखाणीच्या परवान्याचा अर्ज आला असता तो गट एकदा पायी फिरून पाहिला, तर पुढचा अनर्थ टळू शकतो. जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये तयार होणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत सड्यावरील फुलांची व पाणथळींची नोंद घेता येते, आणि त्या निमित्ताने सडा बारकाईने पाहिलाही जातो. गावातील वृद्धांकडून ‘पांडवांच्या चित्रां’च्या जागा विचारून घेण्याचे काम तर शाळेतील मुलेही करू शकतील.

रत्नागिरी तालुक्यातील उक्षी गावाने याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. तेथील हत्तीच्या शिल्पाभोवती ग्रामस्थांच्या पुढाकाराने संरक्षणाची व्यवस्था झाली. पाहुण्याने आकृतीवर पाय न ठेवता, जरा उंचावरून ती संपूर्ण पाहावी अशी सोयही केली गेली. त्यासाठी वापरलेला दगड अर्थातच जांभा.