बायकापोरांसह भोगलेली शिक्षा

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. तिथे उंच तट नाहीत. लांब मुदतीची शिक्षा झालेले निवडक कैदी बायकामुलांसह राहतात, शेती कसतात आणि शिक्षा पुरी करतात.

१९३९ साली औंध संस्थानाने ही वसाहत वसवली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच सुमारास राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला होता. त्या कामात सोबत असलेले पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच स्वामी भारतानंद, यांनी हाच विश्वास कैद्यांवरही टाकायला लावला. संस्थान विलीन झालं, तरी वसाहत टिकली.

याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडीच्याच माणदेशातले. चित्रपटातले दोन डोळे जेलरचे आणि बारा हात सहा कैद्यांचे. स्वतंत्रपूरचं खरं बळ मात्र कैद्याच्या घरात आहे. मुलाची शाळा, चुलीचा खर्च, पिकाची काळजी हे सगळं त्याच्या अंगावर असतं. म्हणून सुटेल त्या दिवशी तो कुणाचा तरी बाप आणि कुणाचा तरी नवरा असतोच.

बंद कारागृहातून सुटणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. तो आत असताना लेकरं परकी होतात, कागदपत्रं हरवतात, कामाला कुणी ठेवत नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशांना निवारा, प्रशिक्षण आणि रोजगार मिळवून देण्यासाठी झटतो आहे. सुटकेनंतरची मदत ही शासनाची जबाबदारी आहे, असं तुरुंग सुधारणांसाठीच्या न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच बजावलं होतं.

पण शेवटी माणूस गावातच परततो. भंडाऱ्याच्या कारागृहातून सुटलेला कुणी वैनगंगा ओलांडून कारध्याला आला, तर त्याला धानाच्या बांधीवर रोवणीचं काम द्यायचं की नाही, हे गावच ठरवणार. ग्रामपंचायतीने त्याला रेशनकार्ड मिळवायला मदत करावी आणि रोजगार हमीचं जॉबकार्ड आधी करून द्यावं. शेजाऱ्यांनी त्याच्या लेकरांना बापाच्या गुन्ह्यावरून हिणवू नये. शिक्षा न्यायालयाने दिली, त्याने ती भोगली; गावाने तिच्यात आणखी भर घालू नये.